कुमानोची पायवाट आणि युनोमिनेचे ऊन पाणी

आडवाट (धागाकर्ती)

जपानची सहल ठरवताना आपण बहुधा दोन याद्या करतो. एकीत किल्ले, देवळे, राजवाडे अशी ‘पाहायची’ ठिकाणे असतात आणि दुसरीत ‘एक रात्र ओन्सेन’, म्हणजे गरम झऱ्याचे स्नान, एवढीच नोंद असते. ती रात्र मग वेळापत्रकात जिथे फट सापडेल तिथे कोंबली जाते. मीही अशाच दोन याद्या घेऊन बसले होते. गेल्या नोव्हेंबरात कीई द्वीपकल्पात आठ दिवस काढल्यावर मात्र माझी खात्री झाली, की निदान त्या डोंगरांत तरी ऐतिहासिक स्थळ आणि गरम पाण्याचा झरा यांना एकमेकांपासून वेगळे काढणे म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेत पाय न बुडवण्यासारखे आहे.

कीई द्वीपकल्प ओसाकाच्या दक्षिणेला समुद्रात शिरलेला आहे आणि त्याचा बराचसा भाग वाकायामा प्रांतात येतो. येथील योशिनो-ओमिने आणि कोयासान ही डोंगरांवरची तीर्थस्थाने आणि कुमानोची तीन महादेवळे, तसेच त्यांना जोडणाऱ्या यात्रेच्या वाटा, यांचा 2004 साली जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. होंगू, हायातामा आणि नाची ही कुमानोची तीन देवळे. हेइआन काळात, म्हणजे आठव्या ते बाराव्या शतकात, क्योतोहून निवृत्त सम्राट आपल्या लवाजम्यासह येथे येत आणि जाऊन येऊन सुमारे महिनाभर चालत. गो-शिराकावा या सम्राटाने तर तिसाहून अधिक वेळा ही यात्रा केली. पुढे सामुराई आणि नंतर सामान्य लोकही येऊ लागले, तेव्हा त्या गर्दीला ‘मुंग्यांची कुमानो यात्रा’ असे नाव पडले. डोंगराच्या सोंडेवरून एकामागून एक जाणारी माणसे ज्याने दिवे घाटात पाहिली आहेत, त्याला हे नाव समजावून सांगावे लागत नाही. कुमानोने स्त्रियांना अडवले नाही, आजाऱ्यांना अडवले नाही, आणि त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

देवासमोर उभे राहण्याआधी शरीरशुद्धी आवश्यक होती आणि यात्रेकरू वाटेतल्या नद्यांत, समुद्रात बुड्या मारीत येत. होंगूच्या देवळाजवळ, एका डोंगरापलीकडे, युनोमिनेच्या ओढ्याकाठी मात्र जमिनीतूनच कढत पाणी येत होते. तेथे केलेल्या शुद्धिस्नानाला ‘युगोरी’ म्हणतात. ही प्रथा आजही जिवंत आहे. दरवर्षी 13 एप्रिलला होंगूच्या वसंतोत्सवात वडील आपल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांना युनोमिनेच्या पाण्यात न्हाऊ घालतात आणि नंतर खांद्यावर बसवून डोंगर ओलांडून नेतात. मुलांच्या अंगात त्या दिवशी देव उतरतो, म्हणून त्यांचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. मी हा उत्सव पाहिलेला नाही, पण ज्या वाटेने तो जातो, ती दाइनिचि-गोए नावाची वाट आम्ही उलट दिशेने चाललो आणि दगडी पायऱ्यांची चढण पाहून मला त्या वडिलांची मनापासून कीव आली.

आमचा क्रम असा होता. कोयासानला मठात दोन रात्री राहिलो, मग खाली उतरून रेल्वेने किनाऱ्यावरच्या कीई-तानाबेला आलो आणि तेथून बसने ताकिजिरी-ओजीला गेलो. ‘ओजी’ म्हणजे वाटेवरची उपदेवळे. त्यांना नव्याण्णव ओजी म्हणतात, पण नव्याण्णव हा शब्द ‘पुष्कळ’ याच अर्थाने घ्यायचा. ताकिजिरीपासून होंगूपर्यंतची नाकाहेची वाट अडतीस-चाळीस किलोमीटरची आहे. आम्ही साठीच्या उंबरठ्यावरची माणसे, म्हणून पहिल्या दिवशी चिकात्सुयु गावापर्यंत चाललो, दुसऱ्या दिवशी सरळ बसने होश्शिनमोन-ओजीपर्यंत गेलो आणि शेवटचे सात किलोमीटर तेवढे पुन्हा पायी केले. कोणाला ही लबाडी वाटली तर वाटो. शेवटचा टप्पा चहाच्या मळ्यांमधून, लहान वाड्यांमधून जातो. तेथे घरांसमोर लोणच्याचे आणि संत्र्यांचे पुडे मांडलेले असतात, शेजारी पैशांचा डबा असतो आणि विकणारे कोणीच नसते.

होंगूचे आजचे देऊळ मूळ जागी नाही. मूळ देऊळ नद्यांच्या संगमाजवळच्या ओयुनोहारा नावाच्या वाळवंटावर होते आणि 1889 च्या महापुरात ते उद्ध्वस्त झाले. जे वाचले ते 1891 मध्ये उंचावर नेऊन उभे केले. जुन्या जागी आता सुमारे 34 मीटर उंचीची, 2000 साली बांधलेली प्रचंड तोरी कमान आहे. सगळे लोक नव्या देवळात फोटो काढून परततात. माझे मत विचाराल, तर त्या रिकाम्या वाळवंटावरच अधिक वेळ बसावे.

संध्याकाळी चार वाजता आम्ही युनोमिनेला उतरलो. गाव म्हणजे अरुंद दरीतला एक ओढा, त्याच्या दोन्ही काठांना मोजकी उतारूघरे आणि सर्वत्र गंधकाचा वास. ओढ्याच्या काठाशी लाकडी खोपट आहे, आपल्याकडे शेतात पंपासाठी बांधतात त्यापेक्षा फार मोठे नाही. हेच त्सुबोयु. जागतिक वारशाचा भाग असूनही ज्यात आजही उतरून अंघोळ करता येते, असे हे कुंड आहे. त्याचे आगाऊ आरक्षण होत नाही. शेजारच्या सार्वजनिक स्नानगृहात पैसे भरून क्रमांकाची पट्टी घ्यायची आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचे. पाळी अर्ध्या तासाची असते. आमच्यापुढे तीन जण होते, म्हणून दीड तास मिळाला आणि तो आम्ही अंडी उकडण्यात घालवला.

अंड्यांचे असे आहे, की ओढ्यालगत युझुत्सु नावाचा चौकोनी हौद आहे आणि त्यातले पाणी सुमारे 90 अंशांचे असते. समोरच्या दुकानात जाळीच्या पिशवीत घातलेली अंडी आणि रताळी मिळतात. पिशवीची दोरी हौदाच्या कडेला अडकवायची आणि बसून राहायचे. गावातली एक आजी कसल्याशा पालेभाजीची जुडी बुडवून, पिळून घेऊन गेली. अंडी बारा मिनिटांत झाली. रताळ्याला मात्र धीर धरावा लागतो.

मग आमचा क्रमांक आला. खोपटाचे दार लावले, दोन-चार दगडी पायऱ्या खाली उतरलो. खाली जेमतेम दोन माणसे मावतील एवढा खडकातला खळगा होता. पाणी त्या दिवशी दुधात किंचित नीळ कालवावी तसे दिसत होते. दिवसातून सात वेळा ते रंग बदलते, अशी ख्याती आहे. पहिला पाय टाकला आणि तसाच वर काढला. थंड पाणी मिसळून घेतल्यावर हळूहळू गळ्यापर्यंत बसता आले. फळ्यांच्या फटींतून ओढ्याचा आवाज येत होता. विषप्रयोगाने गलितगात्र झालेला ओगुरी हांगान नावाचा सरदार याच पाण्यात न्हाऊन बरा झाला, अशी कथा सांगतात. दोन दिवसांच्या चालीनंतर माझ्या गुडघ्यांना ती कथा पूर्णपणे पटली. हॉटेलातल्या चकचकीत ओन्सेनमध्ये मी त्याआधीही बसले होते आणि तेही सुखाचेच होते, परंतु तेथे पाण्यापर्यंत येण्यासाठी लिफ्टचे बटण दाबावे लागले होते.

बाहेर आल्यावर एक गोष्ट लक्षात आली, ती अशी, की माझी जोडवी काळी ठिक्कर पडली होती. त्याबद्दल कोणाला काही उपाय ठाऊक असेल तर सांगावा. माझ्याच्याने अजून ती पूर्ववत झालेली नाहीत.

रातांबा

लेख आवडला. राजापूरजवळच्या आमच्या उन्हाळे गावाचे नावच गरम पाण्यावरून पडले आहे. तुरळ, अरवली, दापोलीकडचे उन्हवरे, ठाणे जिल्ह्यातले वज्रेश्वरी-गणेशपुरी, ही सगळी मंडळी एकाच पंगतीतली. वज्रेश्वरीचे तर इतिहासाशी थेट नाते आहे, कारण 1739 साली वसईचा किल्ला घेतल्यानंतर चिमाजी अप्पांनी नवस फेडण्यासाठी देवीचे देऊळ बांधवले, अशी परंपरा आहे. म्हणजे देवालाच गरम पाण्याच्या शेजारी बसवायचे ही बुद्धी जपान्यांची एकट्याची नव्हे.

एक शंका आहे. जपान म्हटले की ज्वालामुखी आलाच, असे आपण धरून चालतो. युनोमिनेजवळ एखादा ज्वालामुखी आहे का?

खडकवेडा

रातांबा, तुमची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर ‘नाही’ असे आहे. कीई द्वीपकल्पावर आज एकही जागृत ज्वालामुखी नाही. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी तेथे मोठे उद्रेक झाले आणि त्यांचे कठीण खडक कुमानो परिसरात आजही दिसतात. नाचीचा 133 मीटरचा धबधबा अशाच खडकाच्या कड्यावरून कोसळतो. पण इतक्या काळात ती भट्टी केव्हाच निवली असली पाहिजे. आज मानले जाते ते असे, की फिलिपिन्स समुद्राचा भूपट्ट या द्वीपकल्पाखाली सरकत आहे, त्याच्या खडकांत अडकलेले पाणी दाबाने आणि उष्णतेने सुटे होते आणि भेगांमधून वर चढते. म्हणूनच एखाद्या धगधगत्या डोंगराशिवाय 90 अंशांचे पाणी तेथे मिळते.

कोकणातली गोष्ट वेगळी आहे. तेथे खाली सरकणारा भूपट्ट नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, पृथ्वीच्या पोटातल्या नेहमीच्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. म्हणून आपले झरे सह्याद्रीच्या पायथ्याशी साधारण एका रेषेत, उत्तर-दक्षिण ओळीने सापडतात.

अवांतर: जपानच्या 1948 च्या ओन्सेन कायद्यानुसार जमिनीतून येणारे पाणी 25 अंश किंवा त्याहून अधिक गरम असेल, अथवा ठरवून दिलेल्या 19 घटकांपैकी एखादा घटक त्यात पुरेशा प्रमाणात असेल, तर ते ओन्सेन ठरते. म्हणजे पाणी थंड असूनही कायद्याने ओन्सेन असू शकते! या व्याख्येने आपली कोकणातली कुंडे डोळे मिटून उत्तीर्ण होतील. कपडे बदलायच्या खोल्यांची परीक्षा घेतली, तर मात्र काय होईल ते सांगवत नाही.

निशिकासाईकर

मी टोक्योत राहतो आणि दर वर्षी भारतातून येणाऱ्या पाहुण्यांचे वेळापत्रक मलाच करावे लागते. म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. ज्यांच्याकडे जपानसाठी एकूण आठच दिवस आहेत, त्यांनी त्यातले चार कीई द्वीपकल्पाला द्यावेत, हे व्यवहार्य नाही. अशांसाठी टोक्योजवळचे हाकोने पुरेसे आहे आणि तेथेही इतिहास आहे. एदो काळात टोक्यो आणि क्योतो यांना जोडणाऱ्या तोकाइदो रस्त्यावर 1619 साली शोगुन सरकारने हाकोनेला नाका बसवला होता. एदोत, म्हणजे जुन्या टोक्योत, शिरणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर पडणाऱ्या स्त्रिया यांच्यावर अशा नाक्यांची विशेष नजर असे. सरदारांची कुटुंबे एदोत एक प्रकारे ओलीस ठेवलेली असत. ती निसटू लागली तर बंडाची तयारी चालली आहे, असे समजले जाई. हा नाका जुन्या कागदपत्रांच्या आधारे पुन्हा बांधून 2007 मध्ये पूर्ण झाला आहे आणि पाहण्यासारखा आहे. नाका पाहून जुन्या फरसबंद रस्त्यावर देवदारांखाली तासभर चालावे, ओवाकुदानीच्या गरम झऱ्यात उकडलेली काळी अंडी खावीत आणि संध्याकाळी पाण्यात बसावे. दोन दिवसांत सगळे होते.

रेल्वेच्या देशभर चालणाऱ्या पासाबद्दलही जुने लेख वाचून फसू नका. सात दिवसांचा साधा पास ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 येनवरून 50,000 येनवर गेला. एक-दोन प्रांतच पाहायचे असतील, तर सुटी तिकिटे किंवा प्रादेशिक पास जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतात.

आडवाट (धागाकर्ती)

निशिकासाईकर, तुमच्या पाहुण्यांना तुमच्यासारखा यजमान आहे, त्यामुळे त्यांची चिंता नाही. हाकोने वाईट आहे, असे मी म्हणणार नाही. नाक्याची माहिती तर माझ्यासाठी नवीनच आहे. परंतु तेथे मी गेले तेव्हा माझा दिवस केबलगाडी, जहाज आणि बस यांच्या रांगांत गेला आणि अंघोळ दिवसाच्या शेवटी बक्षिसासारखी वाट्याला आली. ज्यांना आठच दिवस आहेत त्यांनी एखादे शहर गाळावे, असे मी तरी सुचवीन. अर्थात क्योतो गाळा असे सांगितले, तर येथे मला कोणी उभे करणार नाही.

पानगळ

या विषयात दोगोचे नाव अजून निघाले नाही, याचे आश्चर्य वाटले. शिकोकू बेटावरच्या मात्सुयामा शहरातले दोगो ओन्सेन जपानच्या सर्वांत जुन्या झऱ्यांपैकी एक गणले जाते. पाय दुखावलेला पांढरा बगळा रोज येथल्या पाण्यात पाय बुडवून बरा झाला आणि त्यावरून लोकांना झऱ्याचा गुण कळला, अशी दंतकथा आहे. आजही मुख्य इमारतीच्या माथ्यावर बगळा उभा आहे. ही तीन मजली लाकडी इमारत 1894 साली बांधली गेली. गावाचे तेव्हाचे प्रमुख इसानिवा युकिया यांनी खर्चाला होणारा विरोध पत्करून ती उभी केली. शंभर वर्षांनीसुद्धा इतरांना जमणार नाही असे काही बांधले तरच लोक येतील, असे त्यांचे म्हणणे होते, असे सांगतात. गंमत अशी, की बरोबर शंभर वर्षांनी, 1994 मध्ये, ती महत्त्वाची सांस्कृतिक संपदा म्हणून जाहीर झाली. पुढे 2019 पासून साडेपाच वर्षे तिची दुरुस्ती चालली, पण अंघोळ एका भागात सुरूच ठेवली होती, आणि जुलै 2024 मध्ये सगळी इमारत पुन्हा उघडली. छतावरच्या लहान मनोऱ्यात सकाळी सहाला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला ढोल वाजतो. आम्ही सकाळच्या ढोलाला दारात उभे होतो. ढोल संपला, दार सरकले आणि माझ्याआधी पोहोचलेले शेजारपाजारचे म्हातारे आपापल्या बादल्या घेऊन इतक्या सराईतपणे आत गेले, की आपण पर्यटनस्थळी आलो आहोत हे मी विसरलो.

नात्सुमे सोसेकी 1895 मध्ये मात्सुयामात इंग्रजी शिकवीत होता आणि त्याच्या 1906 च्या ‘बोच्चान’ या कादंबरीचा नायक या स्नानगृहात पोहतो, म्हणून दुसऱ्या दिवशी तेथे पोहण्यास मनाई असल्याची पाटी लागते. पुरुषांच्या कुंडाशी आजही ‘बोच्चान, पोहू नये’ अशा अर्थाची पाटी लावलेली आहे. सोसेकीचा मित्र, हायकू कवी मासाओका शिकी, हा तर याच शहरात जन्मला. शिरीष पै यांच्यामुळे मराठीत रुजलेल्या हायकूची वाट शोधत कोणाला मागे जायचे असेल, तर मात्सुयामा हे चांगले ठिकाण आहे.

आडवाट यांच्या मुद्द्याला येथेही बळ मिळते. शिकोकूच्या 88 देवळांची परिक्रमा सुमारे 1200 किलोमीटरची आहे. तिच्यातले 51 वे देऊळ, इशितेजी, दोगोपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. पांढरे कपडे घातलेले यात्रेकरू वाटेत दोगोला थांबून पाय शेकून घेतात.

सुगरणीचा_खोपा

अतिशय उपयुक्त धागा. माझे तीन प्रश्न आहेत आणि तिन्ही जरा संकोचाचे आहेत. पहिला, सर्वांसमोर विवस्त्र होण्याची माझी तयारी नाही. मग ओन्सेनचा विचार सोडावा काय? दुसरा, सोबत सासूबाई आहेत. त्यांच्या दोन्ही हातांवर आणि हनुवटीवर लहानपणापासूनचे गोंदण आहे. जपानात गोंदण असलेल्यांना आत घेत नाहीत, असे वाचले आणि त्या बिचाऱ्या ऐकूनच हिरमुसल्या. तिसरा, आम्ही शाकाहारी आहोत.

आडवाट (धागाकर्ती)

ताई, संकोच कशाला, हे प्रश्न सगळ्यांच्याच मनात असतात.

पहिल्याचे उत्तर असे, की विचार सोडू नका. सार्वजनिक कुंडांत कपडे चालत नाहीत, पण स्त्रिया आणि पुरुष यांची दालने वेगळी असतात. याखेरीज तासाच्या हिशेबाने पूर्ण कुंड आपल्या कुटुंबापुरते मिळते, त्याला ‘काशिकिरी’ म्हणतात. उतारूघर ठरवतानाच त्याची चौकशी करावी. त्सुबोयु तर दाराला कडी लावूनच वापरायचे असते. युनोमिनेपासून जवळच कावायु नावाचे गाव आहे, तेथे नदीच्या पात्रातूनच गरम पाणी येते. लोक फावड्याने गोटे बाजूला सारून आपापला खड्डा खणतात, त्यात नदीचे थंड पाणी हवे तेवढे घेतात आणि पोहण्याचे कपडे घालून बसतात. हिवाळ्यात पात्राला बांध घालून मोठे उघडे कुंड करतात. त्याचे नाव सेन्निन-बुरो, म्हणजे हजार माणसांचे स्नानगृह.

अंघोळीचा रिवाज सोपा आहे. कुंडाबाहेर लहान स्टुलावर बसून साबणाने अंग पूर्ण स्वच्छ करायचे, फेसाचा थेंबही न ठेवता धुवायचे आणि मग पाण्यात शिरायचे. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. तो घडी करून डोक्यावर ठेवतात. केस वर बांधावेत. त्सुबोयुमध्ये साबण अजिबात चालत नाही. सासूबाईंना रक्तदाब असेल तर डॉक्टरांना आधी विचारा आणि जेवल्याबरोबर किंवा अगदी उपाशीपोटी बसू देऊ नका. युकाता नावाचा सुती झगा मिळतो, त्याचा डावा पदर वर येईल असा घाला. मी उजवा वर घेतला होता. जेवण वाढणाऱ्या बाईंनी ताट खाली ठेवले, काही न बोलता माझा पदर सोडवून उलटा बांधला आणि मगच सूप वाढले. नवऱ्याने नंतर शोधून काढले, की उजवा पदर वर घेऊन जपानात फक्त प्रेताला नेसवतात.

गोंदणाबद्दल मला नीट ठाऊक नाही, जाणकारांनी सांगावे. जेवणाचे मात्र सविस्तर सांगते. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे ‘दाशी’ हे पाणी आणि त्यात बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाचा कीस असतो. त्यामुळे वरून नुसती भाजी दिसणारी वाटीसुद्धा शाकाहारी नसते. कोयासानच्या मठांत ही अडचण नाही. तेथे पन्नासेक मठांत उतरायची सोय आहे आणि ‘शोजिन र्‍योरी’ हे भिक्षूंचे जेवण मिळते. दाशी समुद्रशैवाल आणि शिताके अळिंबी यांची असते, कांदा-लसूण नसतो. तिळाचे ‘गोमा-दोफु’ तेथेच खावे. तोंडात टाकल्यावर आधी काहीच वाटत नाही आणि मग तिळाची चव हळूच येते. युनोमिनेत सकाळी झऱ्याच्या पाण्यात शिजवलेली भाताची पेज देतात. किंचित खारट, मऊसूत. आजारी माणसाला देतो तीच पेज, पण मी तीन वाट्या खाल्ल्या. तेथे रात्रीच्या जेवणाबद्दल मात्र आठवडाभर आधी लिहून कळवावे. आम्ही एका ठिकाणी ‘शाकाहारी’ एवढेच कळवले होते, तर भाज्यांवर माशाचा कीस भुरभुरून आला. मासे, मांस आणि माशाची दाशी, तिन्ही नको, असे सुटे सुटे लिहा.

निशिकासाईकर

गोंदणाचे मी सांगतो. देशभर लागू असलेला मनाईचा कायदा नाही; प्रत्येक स्नानगृह आपला नियम ठरवते. जपानात अंगभर गोंदण म्हणजे गुन्हेगारी टोळीचा माणूस, असा समज रुजलेला असल्यामुळे ही पद्धत पडली. जपानच्या पर्यटन खात्याने 2015 मध्ये सर्वेक्षण केले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक ठिकाणी प्रवेश नाकारतात, असे दिसले. त्याआधी 2013 मध्ये होक्काइदोतल्या एका स्नानगृहाने चेहऱ्यावर पारंपरिक गोंदण असलेल्या न्यूझीलंडच्या माओरी पाहुणीला परत पाठवले होते आणि त्यावर पुष्कळ चर्चा झाली होती. तेव्हापासून पर्यटकांच्या बाबतीत बरीच ठिकाणे नरमली आहेत. हातावरचे लहान गोंदण झाकायला कातडीच्या रंगाच्या चिकटपट्ट्या औषधांच्या दुकानात मिळतात. हनुवटीवरच्या तीन ठिपक्यांवरून कोणी हटकेल असे मला वाटत नाही, पण आजींना दारातून परत यावे लागले तर ते फार वाईट, म्हणून आधी फोन करवून विचारा किंवा सरळ काशिकिरी घ्या.

पिंपळपान

कोयासानचा उल्लेख ओझरताच झाला, म्हणून थोडी भर घालतो. कोबो दाइशी अर्थात कुकाई या आचार्याला 816 साली हा डोंगर मिळाला आणि त्याने येथे शिंगोन बौद्ध पंथाचे केंद्र उभारले. हा मंत्रयान परंपरेचा पंथ आहे आणि आपल्याला तेथे पावलोपावली ओळखीचे काही तरी भेटते. पहाटे मठात अग्नी पेटवून करतात त्या विधीला ‘गोमा’ म्हणतात. तो आपला ‘होम’ आहे. (वर आलेल्या तिळाच्या गोमाशी त्याचा संबंध नाही, केवळ उच्चार सारखा.) ओकुनोइनच्या दफनभूमीत उंच देवदारांखाली दोन किलोमीटरच्या वाटेवर दोन लाखांहून अधिक समाध्या आहेत. त्यांतल्या कित्येक पंचमहाभूतांच्या पाच दगडी आकारांच्या असून त्यांवर सिद्धम् लिपीत संस्कृत बीजाक्षरे कोरलेली असतात. वाटेच्या शेवटी कोबो दाइशी 835 पासून समाधी लावून बसला आहे, अशी श्रद्धा आहे आणि त्याला दिवसातून दोनदा जेवण नेले जाते.

आडवाट यांनी कुमानोने स्त्रियांना अडवले नाही असे लिहिले, ते खरेच आहे. कोयासानने मात्र अडवले होते. ही बंदी सरकारने 1872 मध्ये रद्द केली. तोवर स्त्रिया डोंगराच्या कडेकडेने फिरून दुरूनच नमस्कार करीत. त्यांच्यासाठी बांधलेल्या सात निवाऱ्यांपैकी एक, न्योनिन-दो, अजून उभा आहे आणि त्यांची वाटही चालता येते.

महाराष्ट्राचा आणि वाकायामा प्रांताचा 2013 मध्ये सहकार्याचा करार झाला आणि कोयासान विद्यापीठात सप्टेंबर 2015 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. मी गेलो तेव्हा पाऊस होता आणि पुतळ्यासमोर कोणी तरी शेवंतीची दोन फुले ठेवून गेले होते.

आडवाट (धागाकर्ती)

पिंपळपान, आम्ही त्याच गावात दोन रात्री राहूनही पुतळा पाहायचा राहिला, याची चुटपुट लागली. न्योनिन-दो मात्र पाहिला. त्याच्या दारात उभी राहून मी पाच मिनिटे आत जावे की पुढे जावे असा विचार करीत होते आणि मग लक्षात आले, की हा विचार करण्याची मुभा असणे हीच मोठी गोष्ट आहे.

युनोमिनेच्या तोकोजी या लहान देवळाबद्दल लिहायचे राहून गेले होते. त्यातला याकुशी, म्हणजे भैषज्यगुरू बुद्ध, कोणा शिल्पकाराने घडवलेला नाही. झऱ्याच्या पाण्यातले क्षार थरावर थर साचून तो आकार बनला, असे मानतात. त्याच्या छातीतून पूर्वी गरम पाणी वाहत असे. ‘यु नो मुने’, पाण्याची छाती, यावरून युनोमिने हे गावाचे नाव आले, असे सांगतात. देऊळ त्सुबोयुपासून शंभर पावलांवर आहे आणि पाळीची वाट पाहताना सहज बघून होते.

खडकवेडा

जोडव्यांचे उत्तर कोणीच दिले नाही, म्हणून मीच देतो. पाण्यातल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन वर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. चिंच किंवा रिठ्याने घासून तो पूर्ण निघत नाही आणि घासण्यात चांदी झिजते. एका पातेल्यात तळाशी ॲल्युमिनियमची चांदी, म्हणजे पोळ्या गुंडाळतो तो कागद, अंथरा. त्यावर जोडवी कागदाला टेकतील अशी ठेवा, दोन चमचे खाण्याचा सोडा टाका आणि उकळते पाणी ओता. गंधक ॲल्युमिनियमकडे जाते आणि चांदी चांदीच्या जागी राहते. सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, खिडकी उघडा. खडे बसवलेले दागिने मात्र यात घालू नका.

आडवाट (धागाकर्ती)

केले. दहा मिनिटांत डाव्या पायातले लख्ख झाले. उजव्यातले कागदाला टेकले नसावे, त्याला दुसऱ्यांदा घातले आहे. स्वयंपाकघरात आत्ता अगदी युनोमिनेचा वास सुटला आहे आणि नवरा बाहेरून विचारतो आहे, की अंडी उकडली आहेस का.